सरावाचं दळण

जात्याची घरघर द्रौपदाबाईला गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आली. ती आपल्याच घरातून येतेय हे कळलं, तेव्हा तिचे थकलेले पाय आणखी जड झाले. दिवसभर हरभरा उपटून हाताची सालं निघाली होती, वर हरभऱ्याच्या पाल्यावरची आंबट आंब चिरांमध्ये झोंबत होती. घरी जावं, हात धुवावेत आणि कोणाशी न बोलता पडून राहावं, एवढंच तिला हवं होतं.

पडवीत तिची लेक कुंदा दळत होती. पट्टी बांधलेला उजवा पाय गोधडीच्या घडीवर लांब सोडलेला, ओढणी कमरेला आवळलेली, तोंड लालभडक. पुढ्यात गजराचं घड्याळ. भिंतीला लागून डबे, टोपल्या, पिशव्या. निम्म्या गल्लीची ज्वारी तिथे येऊन बसली होती.

"गिरणी बंद पडली का व?" द्रौपदाबाईने विचारलं.

"चालू हाय."

"मंग हे काय लावलं?"

 पोरीचा डोळा घड्याळावर होता. सेकंदकाटा बारावर आला तशी तिने खुंटा दोन्ही हातांनी धरला आणि असा वेग घेतला, की पीठ कापडाबाहेर उडालं.

उत्तर शेजारच्या मंजुळाबाईने दिलं. ती आपलं पीठ न्यायला आली होती. "अशी पोर सगळ्यायले मिळो, बाई! सकाळी माह्यं दळून देलं, मंग म्हने अजून आना." फुकटच्या पिठाने माणसाचा आवाज किती गोड होतो, ते मंजुळाबाईकडून ऐकावं. डबा काखेत मारून ती निघून गेली.

द्रौपदाबाई दारातच उभी राहिली. हे जातं तिने स्वतःच्या हाताने मोडीत काढलं होतं. वरची दगडी तळी कोंबड्यांच्या खुराड्यावर वजन म्हणून ठेवली होती आणि माझी पोर यावर बसणार नाही, असं चार बायकांत सांगितलं होतं. सांगितलं तसं वागलीही होती. पोर बारावी पास झाली. आणि आता खुराड्याचं झाकण उघडं पडलेलं, कोंबड्या अंगणभर, आणि पोर जात्यावर. तिला रडूही आलं नाही. रडायला अंगात थोडं तरी त्राण लागतं.

"हेच कराले शिकोलं का तुले?"

"मिनिटभर थांब, माय."

मिनिट संपलं. कुंदाने खुंटा सोडला आणि भिंतीला डोकं टेकलं. छाती भात्यासारखी हलत होती.

"अकरा दिवस राह्यले भरतीले."

ते द्रौपदाबाईला वेगळं सांगायची गरज नव्हती. जळगावच्या मैदानावर पोलीस भरतीची धाव होती. त्यासाठी आणलेले कॅनव्हासचे बूट अजून खोक्यातच कोरे करकरीत पडले होते. तळ झिजू नयेत म्हणून पोरगी महिनाभर अनवाणी सराव करत होती आणि कापून नेलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीच्या वावरात जमिनीत उरलेला एक टोकदार सड तिच्या तळव्यात खोल घुसला होता. बूट वाचले, पायाला चार टाके पडले. आमच्याकडे नव्या वस्तूंना माणसांपेक्षा जास्त जपतात, त्याला कोण काय करणार.

"टाके सोमवारी काढतीन," कुंदा म्हणाली. "तवपर्यंत पाय टेकायचा नाही. डाक्टर म्हने, पन दम मोडू देऊ नको. बसल्या जागी घाम निघीन असं काहीतरी कर, एक मिनिट जीव तोडून अन् एक मिनिट इसावा. बसून जीव काढनारं आपल्या घरात दुसरं काय हाय, सांग."

द्रौपदाबाईने घरभर नजर फिरवली. खरोखरच घरात दुसरं काही नव्हतं.

"अन् पाय नाही चालला त्या दिवशी?"

"पायाचं मंग पाहू. दम तर माह्या हातात हाय."

काटा पुन्हा बारावर आला. कुंदा वाकली. पहिले काही फेरे वेगात गेले, मग हात लटपटायला लागले. दंडाच्या शिरा ताठ झाल्या, ओठ दातांत गेला. तळी अर्धा फेरा करून अडखळली, पोरीने ती कण्हत पुढे ढकलली. आईचा राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही.

ती जात्याच्या पलीकडे बसली. एक पाय दुमडून, एक लांब सोडून. जातं मोडीत काढेपर्यंत पंचवीस वर्षं ती अशीच बसली होती, बहुतेक वेळा एकटी. पहाटेच्या दळणाला समोर कोणी तरी बसावं, अर्धा भार तरी उचलावा, असं तिला रोज वाटायचं. तिने सोललेला हात पुढे केला आणि लेकीच्या हाताला लागून खुंटा धरला. आंब झोंबली. जातं लगेच सरसर फिरायला लागलं.

कुंदाने मान वर केली. घाम तिच्या डोळ्यांत उतरला होता.

"हात काढ, माय," ती धापा टाकत म्हणाली. "तू धरलं का मले हलकं जाते."

द्रौपदाबाईने हात काढला. पण ती तिथून उठली नाही. एक मूठ ज्वारी तिने जात्यात टाकली आणि घड्याळ आपल्याकडे वळवून घेतलं.

"अजून इस सेकंद," ती म्हणाली. "ओढ."