उशीर माफ

“माझी हरकत नाही, साहेब,” कुंदा म्हणाली.

तिचे वकील दौलतराव उभे होते ते मटकन खाली बसले, आणि बसले तसे पुन्हा उठले. त्यांच्या बगलेत बाळच्या कारखान्याच्या हजेरीपटाचा उतारा होता. तो मिळवायला त्यांनी अंबरनाथच्या चार खेपा घातल्या होत्या.

सत्तावन्न साल फ्लूचं. त्या साली साथीने जेवढी माणसं आडवी केली, त्याहून जास्त वकिलांच्या अर्जांनी केली. मुदत टळलेला प्रत्येक जण तापाने फणफणलेला होता. ठाण्याच्या कोर्टातले जज्जसाहेब स्वतःही नुकतेच अंथरुणातून उठलेले. त्यामुळे ते दयाळू झाले होते.

बाळ हा कुंदाचा धाकटा भाऊ, अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी. वडिलांनी बदलापूरजवळचं बेलवलीचं घर विधवा मुलीच्या नावे करून ठेवलं, हे त्याला सोसलं नाही. कल्याणच्या कोर्टात तो हरला. वर अपील करायला त्याला एकोणीस दिवस उशीर झाला. म्हणून त्याने शपथेवर लिहून दिलं, की तीन जूनपासून वीस जूनपर्यंत आपण राहत्या घरी फ्लूने निपचित पडून होतो. हजेरीपटावर त्याच दिवसांत, रविवार सोडून रोज, त्याच्या झोकदार सह्या होत्या. तेवढ्या दाखवल्या की अर्ज निकालात निघाला असता आणि घर कायमचं कुंदाचं झालं असतं.

पण कुंदा घरासाठी आलीच नव्हती.

अकरा जूनला पहाटे माई, दोघांची आई, बेलवलीच्या घरात गेली. फ्लूनेच. आळीतली सगळी माणसं तापात. कुंदाने लाकडं घालणाऱ्या नाथाला अंबरनाथला पिटाळलं. तो एकटाच परत आला.

“खिरकी पन उघरली नाय त्यानं,” नाथा म्हणाला. “आतूनच बोलला, साथ हाय, तुमी उरकून घ्या.”

नाथाच्या पाड्यावरच्या चौघांनी माईला खांदा दिला. नाथाने स्वतःच्या माळ्यावरची सुकी लाकडं आणली. मडकं कोणी धरायचं, यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी नाथाच म्हणाला, “तूच धर, बाय. तुजी आय ना ती?” कुंदाने मडकं खांद्यावर घेतलं, तीन फेरे घातले आणि अग्नी दिला.

बाळ वीस तारखेला बरा झाला, कारण तेवीसला तेरावं होतं. ते त्याने अंबरनाथला दणक्यात केलं. पंगतीत फिरता फिरता तो डोळे पुसत सांगत होता, “मी पोचलो म्हणून. माईला अग्नी मिळाला तो माझ्या हातचा.”

“अग्नी मी दिला,” कुंदा म्हणाली.

बाळने तिच्या पाठीवरून हात फिरवला. “ताईचं डोकं ठिकाणावर नाही. कोणी मनावर घेऊ नका हं. जिलबी घ्या.”

लोकांनी जिलबी घेतली. नाथाला विचारावं असं कोणालाच वाटलं नाही. त्या दिवसापासून कुंदाचं नाव निघालं की भाऊबंदांपैकी कोणीतरी कपाळाशी बोट फिरवू लागला. काही जण तिच्यासमोरही फिरवत.

“हरकत नाही, पण एक विनंती आहे,” कोर्टात कुंदा पुढे म्हणाली. “अकरा तारखेला आमची आई गेली. त्या दिवसाचं तेवढं यांना विचारा, आणि लिहून घ्या.”

“बाई, काय करताय तुम्ही!” दौलतराव पुटपुटले.

जज्जसाहेबांना प्रश्न रास्त वाटला. त्यांनी बाळला शपथ देवविली. “अकरा तारखेला आईच्या अंत्यविधीला गेला होतात?”

बाळने मागे वळून बाकं न्याहाळली. अंबरनाथ-बदलापूरचं कोणी नव्हतं. गेलो होतो म्हणावं तर निपचित पडलेला माणूस उठला कसा? नव्हतो म्हणावं, तर ऐकायला होती एक ताई, आणि तिचं बोलणं कोण मनावर घेतो!

“नाही, साहेब.” त्याचा आवाज छान कापला. “उठवतच नव्हतं. सख्ख्या आईला अग्नी देणं काही माझ्या नशिबी नव्हतं.”

“मग कोणी दिला?”

“हिने. माझ्या बहिणीने.”

कारकुनाने ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं. बाळने खाली सही केली, तीही झोकदार. उशीर माफ झाला आणि अपील दाखल झालं.

व्हरांड्यात बाळ तिच्याजवळ येऊन हसला. “शहाणी झालीस ताई. आधीच झाली असतीस तर एवढे हेलपाटे पडले नसते.”

तो पायऱ्या उतरून गेला. दौलतरावांनी हजेरीपटाचा उतारा आपटलाच. “हातचं घर घालवलंत, बाई! आता तो ते घेतल्याशिवाय राहायचा नाही.”

“घेऊ दे,” कुंदा म्हणाली आणि नकला मिळतात त्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

“कसली नक्कल? निकालाची?” आतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं.

“जबाबाची. एकोणचाळीस द्या.”

आता मात्र त्याने मान वर केली. “एकोणचाळीस? कोणाला वाटणार आहात?”

“भाऊबंदांत, घरटी एक,” कुंदा म्हणाली. “आणि शिक्का जरा ठळक उमटवा. आमच्यात बाईचं म्हणणं बिनशिक्क्याचं चालत नाही.”