खंडेनवमीचा हार

खंडेनवमी असूनही महासंगणक चालूच होता. इरावतीने त्याच्या तापलेल्या कपाटाला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. एरवी शहराची वीज हेच यंत्र खाई, म्हणून लिफ्ट बंद असत. आज मात्र पूजेपुरतं ते बंद ठेवायचं, हा केंद्राचा जुना रिवाज. तेवढा वेळ लिफ्ट चालत.

फोन वाजला. तिचे वडील, अप्पा. गुडघे गेल्यापासून नवव्या मजल्यावर अडकलेले. वर्षातून हा एकच दिवस ते खाली उतरत.

"अगं, चपला घालून दारात बसलोय. केव्हा बंद करतेस?"

"अप्पा, यंदा जमायचं नाही."

"का? थांबवलंस तर यंत्रातल्या त्या लोकांना कळणारसुद्धा नाही. थांबले तिथूनच पुढं चालतील. तूच म्हणाली होतीस ना?"

"हो. पण यंत्र म्हातारं झालंय. परत सुरूच झालं नाही तर?"

धुळीच्या ढगातून सूर्य आणि ग्रह कसे घडतात, एवढंच पाहायला या यंत्रावर गणित मांडलं होतं. गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या ग्रहाच्या काळोख्या बाजूला पिवळे ठिपके, कुणीतरी लावलेले दिवे, पहिल्यांदा तिलाच दिसले. तेव्हा ती आनंदाने ओरडली होती. आता बंद करायचं बटण दाबायला ती धजत नव्हती.



"काय करताहेत गं ते आत्ता?" अप्पांनी विचारलं.

तिने पडद्याकडे पाहिलं. "संध्याकाळ झालीय त्यांची. दिवे लावताहेत."

"लावू दे बापड्यांना," अप्पा म्हणाले. मग फोनमधून चपला काढून ठेवल्याचा आवाज आला.