शंभूचा कावळा

कावळा पिंडाला शिवत नव्हता. बाभळीवर बसून मान वाकडी करून नुसता बघत होता.

भीमेच्या घाटावर अर्धं मांडवगण जमलं होतं. रुपालीचा दहावा होता. माणसं तिच्यासाठी आली होती, आणि थोडी तिच्या नवऱ्याला बघायलाही. शंभू टीव्हीवरचा विनोदी नट. धनगराचा पोर. लहानपणी मेंढरांमागं फिरताना पाखरांचे, जनावरांचे आवाज काढायचा. तेच पुढं पोटाला कामी आले. मुलांच्या कार्टूनमधला खादाड कावळा त्याच्याच आवाजात बोलायचा.

रुपाली दौंडच्या दवाखान्यात वारली, तेव्हा तो मुंबईत त्याच कावळ्याचं रेकॉर्डिंग करत होता. तेव्हापासून त्यानं तो आवाज काढला नव्हता. सोमवारी पुढच्या भागांचं काम होतं. त्यानं अजून होकार कळवला नव्हता.

एकेकजण पुढं होऊन पिंडाला शब्द देत होता.

"वहिनी, पोरींच्या शिक्षणाला काय कमी पडू देणार न्हाई," दीर रुद्र म्हणाला. कावळा हलला नाही.

"पोरी, तुझी म्हैस इकणार न्हाई," सासरे भैरू आबा म्हणाले. कावळ्यानं फांदीवर चोच पुसली.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढं कोरेगावला दुसरा दहावा होता. "दर्भाचा कावळा करू का?" त्यांनी हळूच विचारलं. गवताचा कावळा पिंडाला लावला की विधी पुरा होतो. पण गेलेल्या माणसाची इच्छा राहिली ती राहिलीच, असं गाव धरून चालतं.

शंभू पुढं झाला. हात जोडले.

"रुपे, मी ते काम सोडतो. कायमचं. सणसवाडीत कंपनीत लागतो. पोरींजवळ राहतो."

कावळा उडाला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

"तिच्या नावावर तुमचं रडगाणं घालू नगा, शंभूराव." रुपालीची आई अनसाबाई बोलली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. "काम सोडा असं ती कवा म्हणली? शेवटच्या दिवशी मोबाईलवर तुमचाच कावळा लावून बसली व्हती. अशी हसत व्हती की सलाइनची नळी हालायची. तुम्ही न्हवता म्हणून झुरताय. तुम्ही व्हता की तिथं!"

तिनं बाभळीकडं बोट केलं.

"आता बोलवा तिला. त्याच आवाजात."

"इथं?"

"मग काय टीव्हीत?"

शंभूनं घसा खाकरला. पहिल्यांदा नुसती हवाच आली. मग तो आवाज निघाला. फाटका, लाडिक, हावरट.

"क्रा! अगं ए रुपे! कुणाची वाट बघती? शेंगोळे हायत, जिलेबी हाय. शेंगोळे तुझ्या आईनं केलेत, म्हंजी मीठ कमी असणार. पण खा गं बाई, न्हाईतर मीच खातो!"

हसावं की नाही, कोणालाच कळेना. अनसाबाईनं तोंडात पदर कोंबला होता. तो सुटला.

"अगं बया, हितं बी माझ्याच शेंगोळ्यांना नाव!"

ती हसली. मग बाकीच्या बायका, मग भैरू आबा, मग हातात दर्भ धरलेले गुरुजीसुद्धा. शंभूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज तुटला नाही.

"सोमवारी जातो गं! जातो, जातो, क्रा!"

लोक आणखीच हसले. म्हाताऱ्या एकमेकींना धरून खाली बसल्या.

हसू ओसरल्यावर गुरुजी मागं वळले. पिंड अर्धा संपला होता. कावळा कधी शिवून गेला, ते कोणी पाहिलंच नव्हतं.