थर्मासचं वजन

"हातात तर घेऊन बघा," म्हणत दुकानदाराने स्टीलचा थर्मास पुढे सरकवला. क्रेनवाल्याने दोन्ही हात खिशात घातले.

शेवटी त्याच्या बायकोनेच तो उचलला. "भक्कम आहे. जुना होता तस्साच."

"म्हणूनच नको. हलका बघू."

"इतकी वर्षं वर नेलात तेव्हा नाही झाला जड!" ती दुकानदाराकडे वळली. "जुना हरवून आलेत. एवढा मोठा थर्मास हरवतो कसा, तुम्हीच सांगा. तो काय रुमाल आहे खिशातून पडायला?"

शेजारी तिचा धाकटा भाऊ उभा होता. तो मोठ्याने हसला. जरा जास्तच मोठ्याने.

थर्मास कसा हरवला ते या मेव्हण्या-दाजींनाच ठाऊक होतं. बुधवारी दुपारी उकडत होतं म्हणून क्रेनच्या केबिनचं दार उघडं होतं आणि थर्मास पायाशी. क्रेनवाला पुढे वाकला, टाचेचा धक्का लागला. पायाखालच्या काचेतून त्याला तो खाली जाताना दिसला, लहान लहान होत. आणि नेमकं त्याच्या खाली एक पिवळं हेल्मेट, सळयांच्या मोळीला साखळी लावत असलेलं. मेव्हण्याचं. ओरडून उपयोग नव्हता, आवाज तिथवर पोचतच नाही. वॉकीटॉकीकडे हात जाईपर्यंत थर्मास वाळूत रुतलाही होता.

संध्याकाळी दोघांनी ठरवलं, ताईला सांगायचं नाही. कळलं तर ती दोघांपैकी एकालाही पुन्हा तिथे पाऊल टाकू द्यायची नाही. दुसऱ्या दिवसापासून मेव्हण्याने चेष्टा सुरू केली. क्रेनवाला पोट बिघडलंय म्हणून घरी बसला. उंचीला तो कधीच घाबरला नव्हता. आता मात्र डोळे मिटले की पायाखाली काच यायची आणि काचेत टिकलीएवढं पिवळं हेल्मेट. उद्या तर शिडी चढायचीच होती.

"दाजी, तुम्ही आपले प्लॅस्टिकचा घ्या," मेव्हणा म्हणाला. "नाहीतर चहा पिशवीतूनच न्या, वर गाठ मारून. कुणाला लागलाच तर नुसती आंघोळ!"

"कुणाला लागेल?" ताईने विचारलं.

"काही नाही गं. गंमत."

"प्लॅस्टिकमध्ये चहाचं दोन तासांत पाणी होईल," दुकानदार म्हणाला. "हे बघा, याला दोन भिंती आणि मधे हवासुद्धा नाही. सकाळी भरा, संध्याकाळी जीभ भाजेल. बर्फ टाका, दुसऱ्या दिवसापर्यंत गारच्या गार."

"गारच्या गार एक आहे आमच्याकडे. बुधवारपासून तोंडातून शब्द नाही. पोट बिघडलं की वाचाही जाते का हो?"

"पडला तर?" क्रेनवाल्याने विचारलं. तिचं बोलणं त्याच्या कानावर गेलंच नव्हतं.

दुकानदार या प्रश्नाची वाटच बघत होता. "पडू दे की साहेब! गच्चीवरून टाका, याला पोचा यायचा नाही."

"याला नाही हो. खाली..."

दुकानदार ऐकतच नव्हता. त्याने थर्मास डोक्याच्या वर धरला आणि सोडून दिला.

दुकानभर आवाज घुमला. क्रेनवाला काउंटरला धरून मटकन खाली बसला. मेव्हण्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं, मान खांद्यांत, डोळे गच्च मिटलेले. थर्मास गडगडत आला आणि त्याच्या बुटाच्या अलीकडे थांबला.

"बघा! ओरखडा तरी आहे का?" दुकानदार म्हणाला.

थर्मासकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ताईने भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग परत भावाच्या डोक्यावरच्या हातांकडे. ते अजून खाली येत नव्हते.

"चिमण्या," ती म्हणाली. हे लहानपणीचं नाव ती चारचौघांत कधी घ्यायची नाही. "किती लांब पडला होता?"

त्याने हसून बघितलं. जमलं नाही. मग एक हात खाली घेऊन त्याने आपला बूट आणि फरशीवरचा थर्मास यांच्यामधली जागा दाखवली.

"एवढाच."

"काय झालं बाई? कुणाला लागलं का?" दुकानदाराने काउंटरवरून वाकून विचारलं.

"नाही. नाही लागलं." तिने थर्मास उचलून त्याला परत दिला. "पट्ट्याचा आहे का एखादा?"

"पट्ट्याचे शाळेतल्या मुलांचे असतात. सशाची चित्रं वगैरे."

"दाखवा."

गुलाबी थर्मास आला. त्यावर गाजर खाणारे ससे होते. एरवी मेव्हण्याने या सशांवर महिना तरी काढला असता. आत्ता तो भिंतीला टेकून उभा होता.

"उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "धरा हा. दोन्ही हातांनी."

क्रेनवाला उठला आणि त्याने थर्मास धरला. तिने पट्टा हाताला दोन वेढे देऊन गुंडाळला, पाय रोवले आणि सगळा जोर लावून ओढला. नवरा थर्मासासकट पुढे ओढला गेला. तिने शिवण डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि पुन्हा ओढला.

"अहो बाई, तुटेल तो!"

"तुटायचा तर इथे तुटू दे," ती म्हणाली आणि तिने हाताला आणखी एक वेढा दिला.