नाथावरचा पहारा

हनुमाननं तिसरी बाटली उघडली, तसा बंकटनं नाथाच्या ग्लासावर सरळ तळहात ठेवला.

"ह्याला नको. पित्त झालंय त्याला."

नाथानं रागानं बघितलं. बघू दे, बंकट मनात म्हणाला. जिवापेक्षा राग मोठा नाही.

बंकट, नाथा आणि गाडी चालवणारा आसाराम, तिघे सकाळी सातला तलवाड्याहून निघाले होते. त्यांचा शाळासोबती हनुमान नाशकात वाइन करायला शिकला होता आणि अंबाजोगाईच्या पुढं, डोंगराच्या उताराला, त्यानं द्राक्षांचा मळा आणि छोटासा कारखाना टाकला होता. पहिली वाइन तयार झाली, चाखायला या, असं आवतन महिन्यापूर्वीच आलं होतं. बंकट तर तेव्हापासून दिवस मोजत होता. नवा शर्टही शिवला होता पठ्ठ्यानं.

आणि आदल्या संध्याकाळी नाथाची बायको मोहिनी बंकटच्या दारात येऊन रडली.

गावात शिबिर झालं तेव्हा सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. बंकटच्या रक्तात काही निघालं नाही, असं कागद आणायला गेलेली त्याची बायको अंजू म्हणाली होती. नाथाचं लिव्हर मात्र खराब निघालं म्हणे. एक घोट जरी पोटात गेला तर पुन्हा माझ्याकडं येऊ नका, असं अंबाजोगाईच्या डॉक्टरनं बजावलं होतं.

नाथा आणि दारू? बंकटला आधी हसूच आलं. जत्रेत सगळे झिंगलेले असताना शेळ्या मोजून घरी नेणारा माणूस तो.

"चोरून घेतात, भावजी," मोहिनी म्हणाली. "जायचं न्हाई म्हटलं तर ऐकणार न्हाईत. तुमीच लक्ष ठेवा. तुमच्याइतकं ओळखणारं दुसरं कोण हाय? पर मी सांगितलं म्हणून बोलू नका."

बंकटनं शब्द दिला. आठवीत असताना तो विहिरीत गटांगळ्या खात होता, तेव्हा नाथानंच केसाला धरून त्याला वर काढलं होतं. अशा माणसासाठी एक दिवस म्हणजे काय मोठं? पिशवीत घातलेली क्वार्टरसुद्धा बंकटनं सकाळी गोठ्यात ठेवून दिली. उगाच नाथाच्या हाताशी कशाला.

गाडीत आसारामनं बंकटची पाण्याची बाटली आधी हुंगली, मग तोंडाला लावली. ह्याला कशाची शंका, असं बंकटला वाटून गेलं. पण तेवढ्यात धारूरच्या घाटात नाथानं खिशातून लवंग काढून दाढेखाली धरली, आणि बंकट सावध झाला. लवंग, पेरूचं पान, कच्चा कांदा, तोंडाचा वास मारायच्या साऱ्या युक्त्या त्याला पाठ होत्या. वहिनी खरंच बोलली होती तर.

हनुमाननं गार खोलीतली लाकडी पिंपं दाखवली आणि मग सगळ्यांना टेबलाशी बसवून शिकवलं. ग्लास दांडीला धरायचा, फिरवायचा, हुंगायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि समोरच्या भांड्यात थुकायचा.

"थुकायचं तर घ्यायचं कावून बे?" आसाराम म्हणाला. हनुमान हसत सुटला.

बंकटला हसू आलं नाही. पांढरी वाइन आली तेव्हा नाथाचा हात पुढं गेला. बंकटनं ग्लास ओढून भांड्यात रिकामा केला. गुलाबी आली तेव्हा जरा मळा बघतो म्हणत नाथा ग्लास घेऊनच उठला. बंकट मागोमाग गेला आणि ती वाइन वेलीच्या बुडाशी ओतून आला. आता ही लाल. बंकटनं अजून एकही घोट घेतला नव्हता; त्याचा स्वतःचा ग्लास काठोकाठ भरून समोर होता, त्याचा वास थेट टाळूला भिडत होता. पण डोळा जरा हलला तर नाथा डाव साधणार. बंकटचे हात थरथरत होते, थंडीच्या दिवसात कपाळावर घाम आला होता. पहारा देणं म्हणजे खायचं काम नाही.

शेवटी नाथानं कहर केला. त्यानं बंकटच्याच ग्लासाला हात घातला. बंकटनं तो हिसकावला, घटकाभर हातात नुसता धरून राहिला, आणि मग सगळा भांड्यात ओतला.

"आज न्हाई, नाथा. तू मला विहिरीतून काढलंस. आज माझी पाळी हाय."

नाथाचे डोळे भरून आले. त्यानं मान खाली घातली आणि त्यानंतर कशालाच हात लावला नाही.

दिवेलागणीला गाडी तलवाड्यात आली. उतरताना नाथानं बंकटला घट्ट मिठी मारली. लाज वाटली असेल बिचाऱ्याला, बंकटला वाटलं. त्याला स्वतःला मात्र लई हलकं हलकं वाटत होतं. एक जीव वाचवून आलो, याहून मोठी कमाई कुठली?

दारात अंजूनं पाण्याचा तांब्या दिला. तांब्या देताना अगदी तोंडाजवळ येऊन उभं राहायची तिची जुनी सवय. आज ती तशीच उभी राहिली, मग उंबऱ्यावर बसली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

"रडतीस कावून? नाथा सुखरूप हाय," बंकट म्हणाला.

अंजू डोळे पुसून चहा ठेवायला आत गेली. तेवढ्यात बाजेवरचा तिचा फोन वाजला. मोहिनीचं नाव दिसलं. वहिनीला आनंदाची बातमी आपणच द्यावी म्हणून बंकटनं फोन कानाला लावला, पण पलीकडून बोलणं आधीच सुरू झालं होतं.

"अंजू, हे आत्ताच आले. भावजींनी थेंबसुद्धा घेतला न्हाई, चार वर्षांत पैलाच कोरडा दिवस. आता तो डॉक्टरचा कागद त्यांचा हाय, हे तू हळूच सांग त्यांना. ह्यांनी जन्मात कधी चव घेतली न्हाई, दिवसभर सोंग करून दमलेत. पर तूच सांग बाई, उद्या ह्यांना कुठं प्यायला पाठवू?"