आधी कुठे, मग कुठून

भावोजींनी एंटर दाबलं आणि पापणी लवायच्या आत काम झालंसुद्धा. बायकोनं इतके दिवस घसा खरवडून लॅपटॉपमध्ये भरलेला आवाज, आणि त्याची कॉपी व्हायला एवढासाच वेळ? त्यांना मेहुण्याचं कौतुक वाटलं.

मेहुणा हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या सह्या आटोपून आला. "झाली कॉपी, भावोजी?"

"झाली की. तुझा प्रोग्रॅम म्हणजे गरीब गाय रे. हूं नाही की चूं नाही."

हूं नाही की चूं नाही, याचाच तर मेहुण्याला अभिमान होता. सारखे "नक्की ना? नक्की ना?" म्हणून मागे लागणारे प्रोग्रॅम त्याच्या डोक्यात जात. माणसानं सांगावं, यंत्रानं ऐकावं, मध्ये लुडबुड करू नये. स्वतःला फार शहाणा समजायचा तो या बाबतीत. त्यानं लॅपटॉप मांडीवर ओढला. पडद्यावर भावोजींनी लिहिलेली ओळ तशीच होती. ती त्यानं वाचली. पुन्हा वाचली.

"भावोजी, आधी कोणतं नाव लिहिलंत?"

"आधी लॅपटॉपमधल्या फोल्डरचं, मग या नव्या डिस्कचं. कुठून आणि कुठे. त्यात अवघड काय आहे?"

भावोजींची उभी हयात मालवाहतुकीच्या बुकिंग ऑफिसात गेली होती. पावतीवर आधी पाठवणारा, मग घेणारा. झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी याच क्रमानं लिहिलं असतं. मेहुण्याचं मात्र सगळं उलटं. पोचायचं कुठे ते आधी सांगावं, निघायचं कुठून ते मग, हे त्याचं जुनं खूळ, आणि प्रोग्रॅम त्यानं स्वतःपुरता लिहिलेला. पहिलं नाव ज्या जागेचं, ती दुसरीसारखी हुबेहूब करायची. दुसरीत जे नाही, ते पहिलीतून पुसून टाकायचं. दुसरी जागा म्हणजे कोरी करकरीत डिस्क. सह्यांसाठी हाक आली तेव्हा तो घाईघाईत "फक्त दोन नावं द्या" म्हणून उठला होता. कोणतं आधी, ते सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

"अरे, बोल की. चेहरा का असा झालाय तुझा?"

"पुसलं गेलं."

"काय पुसलं गेलं?"

"सगळं. ताईचं सगळं."

भावोजी आधी हसले. हा मेहुणा थट्टेखोर होता. मग त्यांनी त्याचे हात पाहिले. हात कळांवर धडाधड चालले होते.

आज बायकोचं स्वरयंत्र काढणार होते. त्यानंतर ती बोलणार नव्हती. तिच्याऐवजी, तिच्याच आवाजात, यंत्र बोलणार होतं. त्यासाठी तिनं खिडक्यांना गाद्या लावलेल्या खोलीत बसून शेकडो वाक्यं वाचली होती. वाचन पुरं व्हावं म्हणून दोनदा ऑपरेशन पुढे ढकलायला लावलं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टर चिडले होते. आता आणखी उशीर केलात तर मी हात लावणार नाही, म्हणाले होते. आणि सगळं एकाच ठिकाणी आहे, काही झालं तर काय घ्या, म्हणून आज सकाळी कॉपीचा हट्ट धरला होता तो भावोजींनीच.

"परत आणता येतं म्हणे तुमच्यात," भावोजी म्हणाले.

मेहुणा येईल ते सगळं करून पाहत होता. पडद्यावर ओळी येत होत्या, जात होत्या. शेवटी त्यानं हात मागे घेतले.

"नाही येत. या लॅपटॉपमधलं पुसलं की पुसलं."

भिंतीला टेकून भावोजी मटकन खाली बसले. समोरच्या बाकावरची बाई पाण्याची बाटली घेऊन धावली. मेहुणा तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, "एकदा विचारलं असतं. प्रोग्रॅमनं एकदा विचारलं असतं तर..." मग एकदम उठला.

"ताईला सांगतो. अजून आवाज आहे तिचा. आजचं थांबवू."

भावोजींनी बसल्या जागेवरून त्याच्या शर्टाचं टोक धरलं. "नको. सांगितलंस तर ती थांबेल रे. जीव गेला तरी थांबेल. तिला मी ओळखतो."

कॉरिडॉरच्या टोकाचं दार उघडलं. नर्स स्ट्रेचर ढकलत आली. भावोजी भिंतीला धरून उठले. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करायला त्यांना तीनदा बोट टेकवावं लागलं. मोबाइल मुठीत झाकून ते स्ट्रेचरपाशी गेले. डोक्याला हिरवी टोपी घातलेली बायको आपल्या माणसांकडे पाहत होती. घाबरली होती, पण तसं दाखवत नव्हती.

"अहो, काय हे तोंड दोघांचं? मरायला चाललेय का मी?"

मेहुण्यानं मान फिरवली.

"अगं, बोल ना काहीतरी," भावोजी म्हणाले. "काहीही बोल. बोलत राहा."

"एक मिनिट हं फक्त," नर्स म्हणाली.

बायकोला हसू आलं. उभ्या संसारात हा माणूस तिला "जरा गप्प बस" म्हणत आला होता. तिनं त्यांची मूठ, आतल्या मोबाइलसकट, आपल्या हातात घेतली आणि थोपटली.

"आता आणखी काय बोलू? बोलायचं ते सगळं ठेवलंय की याच्याकडे."

तिनं भावाकडे बोट दाखवलं आणि ओठ मिटून घेतले. भावोजी वाट पाहत राहिले. नर्सनं स्ट्रेचर पुढे ढकललं, दार उघडलं, मिटलं.

मोबाइल चालूच होता. त्यात आता फक्त लांब जाणाऱ्या चाकांचा आवाज येत होता.