नागपट्टणमची लाइन

“नेटवर्कच्या चार थरांची नावं राहू द्या, सर. कोणता थर काय करतो, तेवढं तरी सांगा,” प्रशिक्षिका हरिप्रिया इंग्रजीत म्हणाली.

 सहा आठवडे सेतुमाधवराव रोज मैलापूरहून दोन बस बदलून अंबत्तूरच्या या प्रशिक्षण केंद्रात येत होते. वहीत सगळं उतरवून घेत होते. तरी लेखी परीक्षेत शंभरात एकोणीस. या तोंडी परीक्षेतही नापास झाले, तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं भांडारात जुनी रजिस्टरं मोजत काढायची, असं खात्याने कळवलं होतं. त्यांनी उमेदीची वर्षं तारमास्तर म्हणून काढली होती. बरोबरची तरुण मंडळी त्यांना हसून ‘तंदी तात्ता’ म्हणत. तारवाले आजोबा.

“आता हिला कसं सांगू?” ते स्वतःशीच मराठीत पुटपुटले.

“मराठीतच सांगा. मी तंजावरकडची. आमची मराठी जुनी आहे थोडी, पण कळेल मला.”

त्यांनी चमकून वर पाहिलं. सहा आठवड्यांत या मुलीच्या तोंडून मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता.

“बरं, सोपं विचारते. पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याची पोहोच आली नाही, तर पाठवणारं मशीन काय करतं?”

“पुन्हा पाठवतं.”

“किती वेळा?”

“पोहोच येईपर्यंत.”

“नाही, सर. ठरावीक वेळा पाठवतं. मग सोडून देतं.”

“आमचे सुपरवायझरही तेच म्हणाले होते,” सेतुमाधवराव म्हणाले. “सोडून दे म्हणाले. मी सोडलं नाही.”

हरिप्रियाने घड्याळ पाहिलं. बाहेर आणखी चौघे बसले होते. तरी ती म्हणाली, “सांगा.”

“सत्त्याहत्तरच्या नोव्हेंबरातलं वादळ. मी मद्रासच्या तारघरात नागपट्टणमच्या लाइनवर होतो. आवाज मोठा यावा म्हणून यंत्रामागे कॉफीचा रिकामा डबा उभा करायचो आम्ही. त्या दिवशी तो डबा धरून, त्याला कान लावून बसलो होतो. लाइन सारखी तुटायची. आधी पलीकडच्या तारमास्तराने मला हाक द्यायची. मी ‘आहे’ म्हणायचं. ‘ऐकतोय, घे’ असं त्याचं आलं, की मग मजकूर. दहा शब्द झाले की थांबायचं. मी पोहोच दिली तरच पुढचे दहा. नाहीतर तेच दहा पुन्हा. वीस शब्दांच्या तारेला तास लागत होता.”

“आणि मजकूर? तो वाचायचात?”

“छे! तार हाताने घ्यायची, मनाने नाही. कुणाचं लग्न, कुणाचं मरण, ते आमचं काम नव्हे. तो वरचा मजकूर, ज्याचा त्याचा. शब्द एकामागून एक, न चुकता आले का, हे आमचं. कोणत्या गावावरून पुढे धाडायचं, ते वाट ठरवणाऱ्याचं. आणि खांबावरच्या तारेला यातलं काहीच ठाऊक नसतं. ती नुसती वीज नेते.”

हरिप्रियाने पेन खाली ठेवलं. चारही थर त्यांनी वरून खालपर्यंत सांगितले होते. नाव एकाचंही घेतलं नव्हतं.

“पण एक तार वाचली मी,” ते म्हणाले. “संध्याकाळी आली. ‘हाउस गॉन, चाइल्ड’ एवढं आलं आणि लाइन गेली. मूल. मुलाचं काय? मी हाक देत राहिलो. सुपरवायझर म्हणाले, बाकीच्या लाइनी खोळंबल्यात, अपुरी म्हणून शेरा मार आणि ऊठ. मलाही तेव्हा सहा महिन्यांचा मुलगा होता, मॅडम. मला उठवेना. चाळीस मिनिटं मी एकच विचारत होतो, ‘चाइल्डच्या पुढे?’ तिकडूनही प्रयत्न चाललेला कळत होता. एखादं टिंब यायचं, अर्धी रेघ यायची, की गेलं. मग एकदम, स्पष्ट, चार अक्षरं आली. ‘सेफ’. मी पोहोच दिली आणि लाइन जी गेली, ती अकरा दिवस. मला मेमो मिळाला. पण ती तार मी स्वतः जॉर्ज टाउनच्या पत्त्यावर जाऊन दिली. दार उघडलेल्या माणसाने ती वाचली आणि तिथेच उंबऱ्यावर बसला.”

 सेतुमाधवरावांनी चष्मा काढून पुसला.

“माफ करा, मी भलतंच सांगत बसलो. पण पलीकडचा तो तारमास्तर फार धीराचा माणूस. त्याचा हात, कळ दाबायची त्याची लय, अजून कानात आहे. नाव मात्र कधी विचारलं नाही.”

“तो नव्हे. ती,” हरिप्रिया म्हणाली.  “कनका. माझी आई. सकाळपासून गावाच्या तंद्या, लोकांच्या तारा, पाठवत होती. सगळ्यांच्या झाल्यावर तिने स्वतःची घेतली.”

सेतुमाधवरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं.

“अप्पा उंबऱ्यावरून उठले ते थेट निघाले,” ती म्हणाली. “पुढे रस्ताच नव्हता. शेवटचे वीस मैल चिखलातून चालत आले. आई तेव्हाही तारेच्या कळीपाशीच बसली होती, आणि टेबलाखाली टपालाच्या गोणीवर मी झोपले होते.”